आमचा दिवाणखाना, सौजन्य : सुरक्षा सप्ताह

पालघर जिल्ह्यात भिंत म्हटली की तिच्यावर वारली चित्र आलंच. शाळेचं कंपाउंड, समुद्राकाठच्या रिसॉर्टचं जेवणघर, सरकारी कचेरीचा जिना, मंगल कार्यालयातलं हात धुवायचं बेसिन. कुठेही जा, तारपेवाल्याभोवती फेर धरलेली मंडळी आपल्या आधी येऊन नाचत असतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून निघून जिल्हा वेगळा झाला. नव्या बिऱ्हाडाला नावाची पाटी लावायची घाई असतेच, त्यात उरल्यासुरल्या भिंतीही रंगल्या.

तेव्हा आमच्या बोईसरच्या भाड्याच्या फ्लॅटला ‘पर्सनल टच’ नाही असं बायकोने जाहीर केलं आणि त्यावर वारली चित्राचा उतारा सुचवला, यात नवल नव्हतं. "आपल्या मातीतलं काहीतरी हवं," ती म्हणाली. तिची माती जळगावची, काळी. पण मी वादात शिरलो नाही.

माती मोबाइलवरून मागवली. कॅनव्हासवर छापलेलं चित्र, चार फूट बाय अडीच, मिळण्याचं ठिकाण सुरत. सुरतेहून निघालेला ट्रक चारोटी नाक्यावरून, म्हणजे आमच्या जवळजवळ उंबऱ्यावरून, पुढे भिवंडीच्या गोदामात गेला, तिथे दोन दिवस विसावला आणि मग उलटा बोईसरला आला. ज्या डहाणू तालुक्यात ही चित्रं काढणारी माणसं राहतात, तो त्याने जाताना झोपेत ओलांडला असणार.

त्याच तालुक्यात गंजाड आहे. जिव्या सोमा मशे तिथले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी कागद घेऊन या पाड्यांवर आले आणि भिंतीवरची चित्रं कागदावर उतरायला लागली. मशे त्यातले सगळ्यांत नावाजलेले, २०११ मध्ये पद्मश्री मिळालेले. त्याआधी हे चित्र म्हणजे सजावट नव्हतीच. कारवीच्या कुडाची भिंत शेणमातीने सारवायची, गेरू लावायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी चावून तिचा कुंचला करायचा आणि सवाशिणींनी लग्नाचा चौक लिहायचा. चौकात पालघाट देवी. चौक नाही तर लग्न नाही. त्या बायका लग्न ठरलं की चित्र काढत. आम्ही सोफ्याचा रंग बघून मागवलं.

चित्र आलं आणि भिंतीवर कसं लावायचं हा प्रश्न आला, तेव्हा बायकोने कपाटातून भाडेकरार काढला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की भाडेकरूने भिंतीला खिळे ठोकू नयेत.

या कराराविषयी थोडं बोलायला हवं. तो अकरा महिन्यांचा असतो. वर्षाहून मोठा भाडेपट्टा असेल तर नोंदणी सक्तीची, असा १९०८ सालचा कायदा. म्हणून कोणा शहाण्याने एक महिना कापला. पुढे महाराष्ट्राने १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदवलेला हवा असं सांगून ती युक्ती निकामी केली. तरी आपण करार अकरा महिन्यांचाच करतो. मूल व्हायला नऊ महिने पुरतात, पण घर आपलं वाटायला अकरा पुरू नयेत, अशी ही योजना असावी.

आमचे घरमालक बोरिवलीला राहतात. पूर्वी एवढ्या लांब येऊन आपली गुंतवणूक बघणं अवघड होतं. २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि नोकरदारांबरोबर घरमालकांचीही सोय झाली. काका महिन्यातल्या कुठल्यातरी रविवारी येतात, चप्पल बाहेर काढतात आणि आत आल्यावर आमच्याकडे न बघता भिंतींची विचारपूस करतात.

म्हणून खिळा नाही, चिकटणारे हुक आणले. पाकिटावर लिहिलं होतं, आठ किलो वजन पेलतो. बोईसरच्या पावसाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. जुलैत इथे भिंतींना घाम येतो, कपड्यांना बुरशी येते, मीठ बरणीतून ओतावं लागतं. एका रात्री धाडकन आवाज झाला. मी आधी कंपनीत काही उडालं का म्हणून खिडकीकडे धावलो. तारापूर एमआयडीसीत राहणाऱ्याची ही पहिली प्रतिक्रिया असते. पण नाचणारी मंडळी सोफ्यामागे पालथी पडली होती आणि हुकांनी जाताना हातभर रंग सोबत नेला होता. खिळ्याने मुगाएवढं भोक पडलं असतं.

बायको म्हणाली, "गेला पर्सनल टच."

त्या दिवशी मी दिवाणखान्यात बसून नीट पाहिलं. भिंतीवर घड्याळ, तबकडीवर लिहिलेलं : ‘सुरक्षा पाळा, अपघात टाळा’. शोकेसमध्ये चार मग, तशीच घोषणा, वेगवेगळी वर्षं. दारामागे छत्री, तीही सुरक्षित. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली म्हणून ४ मार्चला सुरक्षा दिन पाळतात आणि कारखान्यांत त्याचा सप्ताह होतो. घोषवाक्य स्पर्धा, पोस्टर स्पर्धा, प्रश्नमंजूषा, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला भेटवस्तू. बोईसरमधल्या निम्म्या दिवाणखान्यांची सजावट अशी एचआर खात्याने केलेली आहे. उरलेली निम्मी दिवाळी भेटीची : कॅसरोल, डबल बेडची चादर, झाकणावर कंपनीचं नाव कोरलेले स्टीलचे डबे. रविवारी आमच्या बिल्डिंगच्या दोऱ्यांवर चादरी वाळत पडल्या की कोण कुठे कामाला आहे हे खालून वाचता येतं. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी नोकरी बदलली, हे त्यांनी सांगण्याआधी चादरीने सांगितलं.

पण घर आपलं व्हायला वेगळ्या वस्तू लागतातच असंही नाही. आमच्या शेजारच्या काकांचं उदाहरण घ्या. नोकरीची सारी वर्षं ते अणुशक्ती केंद्रात होते, कॉलनीत राहिले. तारापूरचं केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं. कॉलनीतली क्वार्टरं मात्र पहिली कुठली आणि शेवटची कुठली हे कळू नये इतकी सारखी. काका सांगतात, रात्रपाळीहून येताना एकदा ते चुकून पलीकडच्या क्वार्टरमध्ये शिरले. खुर्ची जागेवर, टेबल जागेवर, पंख्याचं बटण जागेवर. हातपाय धुऊन चहाला हाक मारली तेव्हा आतून दुसरीच बाई आली. तिने चहा दिला, हे वेगळं.

निवृत्त झाल्यावर काकांनी इथे स्वतःचा फ्लॅट घेतला. स्वतःचा! हवे तेवढे खिळे ठोका. आणि त्यांनी काय केलं, तर सगळं सामान क्वार्टरमध्ये होतं तसंच मांडलं. तिथे फ्रिज दाराच्या डाव्या हाताला, म्हणून इथेही डाव्या हाताला, भले इथे त्या जागी भिंतीचा कोपरा असो. फ्रिजचं दार अर्धंच उघडतं. आख्खं कलिंगड आत जात नाही, म्हणून ते कलिंगड चिरून आणतात. काकू रोज कुरकुरतात, पण फ्रिज हलवू देत नाहीत. रात्री अंधारात उठलं तरी हात बरोबर पाण्याच्या बाटलीवर जातो, म्हणतात. इतकं खाजगी घर मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि त्यात एकही वस्तू बघण्यासारखी नाही.

आमच्या घरावर खरा हात फिरला तो आई केळव्याहून राहायला आली तेव्हा. पिशवीत विळी, पानवेलीची फांदी, आणि सातपाटीचे सुके बोंबील तीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. तीन प्लॅस्टिकं बोंबलाला कमी पडतात. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली की बाल्कनीत मासळी ठेवू नये. मध्यरात्रीनंतर नाक चुरचुरवणारा जो रासायनिक वास येतो, त्याबद्दल ग्रुपवर कधी सूचना येत नाही. तो कुणाच्या बाल्कनीतून येतो हे सिद्ध करता येत नाही ना.

आईने सोफा खिडकीकडून हलवला, कारण तिथे तिला बसून मासे निवडायचे होते. सुरक्षेचा एक मग तांदूळ मोजायला घेतला, दुसऱ्यात पानवेल रुजवली. चित्र तिने इन्व्हर्टरवर आडवं टाकलं, त्याच्यावर पापड. "देवीचं असेल तर पाप लागेल," बायको म्हणाली. आईने चष्मा लावून पाहिलं. "यात देवी कुठाय? नुसते नाचतायत." आणि पापड पसरले. आठवड्याभराने बायकोच्या मैत्रिणी आल्या. त्यांनी घराचे फोटो काढले, मगातल्या पानवेलीचे जास्त.

मग घरमालक काका आले, रविवारच्या लोकलने. हुकाने खरवडलेली जागा त्यांना दारातूनच दिसली. त्यांनी बोटाने रंग खरवडून पाहिला, खर्चाचा आकडा सांगितला, आणि आईने पुढे केलेल्या ताटलीतली बोंबलाची चटणी भाकरीबरोबर खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली. जाताना म्हणाले, "घर कसं भरल्यासारखं वाटतंय." रंगाचे पैसे अनामत रकमेतून कापले ते कापलेच.

तेव्हा बोईसर, पालघर आणि परिसरातल्या तमाम घरमालकांना नम्र विनंती. पुढच्या करारात ‘भाडेकरूने भिंतीला खिळे ठोकू नयेत’ हे कलम काढून ‘भाडेकरूने चिकटणारे हुक लावू नयेत’ असं कलम घालावं. तुमचा रंग वाचेल. ड्रिल मशीन आमच्याकडे आहे, सुरक्षा सप्ताहात पहिल्या बक्षिसात मिळालेलं.