तिखटाची पाटी, गुळाचा गल्ला

देशातल्या कुठल्याही पंजाबी हॉटेलात शिरा, मेनूकार्डावर 'व्हेज कोल्हापुरी' असतेच. फ्लॉवर, गाजर, फरसबी, पनीरचे दोन-चार तुकडे, वर लालभडक तवंग आणि नावापुढे छापलेल्या दोन मिरच्या. कोल्हापुरातल्या एकाही आजीने ही भाजी कधी केली नाही. पण आता पर्यटक येतात आणि मागतात, म्हणून हायवेच्या कडेची हॉटेलंही ती करायला लागली आहेत. आपल्या नावावर जगाने खपवलेला माल आपणच विकत घ्यायचा आणि वर 'अस्सल' म्हणून पाहुण्याला वाढायचा, याला धंदा म्हणतात. नाद खुळा!

तर या तिखटाचा जरा पंचनामा करू. कोल्हापूरकराचा सगळा मान कांदा-लसूण चटणीत आहे. उन्हाळ्यात मिरची कांडपापुढे डबे घेऊन बायकांच्या रांगा लागतात, शिंकांनी गल्ली दणाणते आणि वर्षाची चटणी घरात आली की मगच घर लागी लागल्यासारखं वाटतं. त्या चटणीत रंगाला ब्याडगी आणि जाळाला संकेश्वरी. ब्याडगी गाव हावेरी जिल्ह्यात, संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे आमचा रांगडा मराठी बाणा ज्या लाल रंगावर उभा आहे, तो कर्नाटकातून येतो. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या एसट्यांना काळं फासलं जातं. मिरचीचा ट्रक कुणी अडवल्याचं मात्र ऐकिवात नाही. तिथे सगळे शहाणे असतात. आणि फार मागे गेलात तर मिरची कर्नाटकाचीही नव्हे, ती पोर्तुगीजांनी समुद्रापलीकडून आणलेली. असो.

दुसरं प्रकरण तांबडा-पांढऱ्याचं. 'कोल्हापुरी म्हणजे जाळ' असं सांगणाऱ्याने पांढऱ्या रश्श्याकडे कधी नीट बघितलेलं नसतं. मटण शिजवलेलं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू किंवा तीळ, थोडा खडा मसाला. बाळंतिणीला चालेल इतका सौम्य. अळणी तर त्याहून सौम्य. घरोघरी मटण रटरटायला लागलं की चटणी पडायच्या आत पोरांच्या वाट्या आधी पुढे येतात. म्हणजे शहराच्या सर्वांत गाजलेल्या जोडीतला निम्मा भाग तिखटच नाही. तरी इंस्टाग्रामवाले नाक पुसत, डोळ्यांतून पाणी काढत तांबड्याचेच व्हिडिओ करतात. पांढरा पिऊन रडता येत नाही, ही त्यांची अडचण आहे.

आता खरा हिशेब. कोल्हापूर खातं तिखट, पण कमावतं गोडावर. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाहूपुरी पेठ वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठी. पुढे भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. पाणी आलं तसा ऊस वाढला, उसामागून कारखाने आले, कारखान्यांमागून चेअरमन आले आणि चेअरमन आले की काय काय येतं ते इथल्या वाचकाला सांगायला नको. दिवाळीच्या पाडव्याला आजही मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण 'चला, कोल्हापूरला गूळ खायला जाऊ' असं म्हणणारा पुणेकर मी अजून पाहिलेला नाही.

गुऱ्हाळावर एकदा तरी उभं राहावं. चुलवाणात चिपाडांचा जाळ, वर भली मोठी काहील, त्यात रस उकळतोय. रानभेंडी कुटून तिचं चिकट पाणी आत सोडतात, मग मळी वर येते, ती झाऱ्याने काढायची, पुन्हा काढायची. सगळ्यांचं लक्ष गुळव्यावर. तो कुणाशी बोलत नाही. पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळून बघतो आणि 'काढा' म्हणतो. तो दोन मिनिटं आधी म्हणाला तर गूळ पातळ, दोन मिनिटं उशिरा म्हणाला तर करपट. थर्मामीटर नाही, डिग्री नाही. कुठल्याही शेफपेक्षा हा माणूस मोठा, पण त्याच्या टोपीला उंची नाही म्हणून त्याची मुलाखत होत नाही. आणि एवढं करून गिऱ्हाईक मागतं काय, तर पिवळाधमक गूळ. चांगला गूळ तांबूस असतो. तो पिवळा दिसावा म्हणून रसायन घालणारे गुऱ्हाळवाले निघाले. भाजी लाल हवी, गूळ पिवळा हवा. चव नंतर बघू.

गुळाच्या जोडीला दूध. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस रस्त्यातच उभी असते, धार थेट पेल्यात पडते आणि फेसासकट गरम दूध तुमच्या हातात येतं. हे काही पर्यटनखात्याने उभं केलेलं दृश्य नाही. आजूबाजूला तालमी होत्या, पैलवान होते, त्यांना मेहनतीनंतर दूध लागायचं, म्हणून कट्टा झाला. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं, देशभरातले मल्ल इथे आणून पोसले आणि त्या पैलवानांच्या खुराकावरून शहराच्या भुकेचं माप ठरलं. कुस्ती कमी झाली, माप तसंच राहिलं. आज खासबागेच्या दारात भेळ खाणाऱ्यांची जेवढी गर्दी असते तेवढी आत आखाड्यात क्वचितच दिसते. पाच पेले दूध रिचवणाऱ्याचा नातू ऑफिसात खुर्चीवर बसून मटणाचं ताट मागवतो आणि 'आमची पैलवानी परंपरा' म्हणत रस्सा पुन्हा पुन्हा घेतो. बाकी, पेल्यातल्या दुधाचं पुढे संघातलं दूध झालं. १९६३ साली जिल्हा दूध संघ निघाला, तोच 'गोकुळ'. त्याच्या निवडणुकीपुढे विधानसभेची निवडणूक फिकी पडते.

पण या शहराच्या इतिहासातला सगळ्यात जालीम पदार्थ विचाराल तर तो चहा. त्याच्यापर्यंत पोहोचायला थोडं मागे जावं लागेल. १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं, सर्व जातींना खुलं. कागदावर. प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचंच होऊन बसलं. एका पंगतीला कोण बसणार, चुलीला कोण शिवणार, हा प्रश्न कॉलेजच्या प्रवेशाहून अवघड होता. महाराजांनी मग सरळ हिशेब केला आणि १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली. पोरं आधी शिकू देत, एकत्र जेवतील नंतर. टीकाकारांनी तेव्हाही नाकं मुरडली. बोर्डिंगांच्या इमारतींपुढून मिसळ शोधत जाणाऱ्यांना आजही त्यांचा पत्ता नसतो.

मग गंगाराम कांबळे. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असलेल्या या माणसाने सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला बेदम मारलं. महाराज तेव्हा परगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांची चामडी लोळवली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामांना नोकरीतून मोकळं केलं, मदत दिली आणि भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला लावलं. नाव 'सत्यसुधारक'. हॉटेल चकाचक, चहा उत्तम, गिऱ्हाईक शून्य. अस्पृश्याच्या हातचा चहा भर बाजारात पिणार कोण? महाराज पिणार. त्यांची गाडी दारात थांबायची, चहा मागवला जायचा आणि गाडीत जे कुणी सरदार, अधिकारी, मानकरी असतील त्यांच्याही हातात कप जायचा. छत्रपती पितायत म्हटल्यावर नको म्हणायची सोय नाही. त्या मंडळींचे तेव्हाचे चेहरे बघायला आपण नव्हतो, याचं मला कायम वाईट वाटतं. तांबडा रस्सा पिऊन आजवर कुणाला फुटला नसेल एवढा घाम त्या कपभर चहाने फोडला असणार. महाराज गेले १९२२ साली. त्यांचं पहिलं स्मारक कोल्हापुरात उभं राहिलं १९२५ साली, तेही गंगारामांच्या पुढाकाराने. सरदार-मानकऱ्यांच्या नव्हे.

'कोल्हापुरात खायलाच हवं अशी दहा ठिकाणं' छापाच्या याद्या मी हौसेने वाचतो. मिसळ असते (पाहुणा लादीपाव मागतो आणि पुढ्यात ब्रेडच्या स्लाइस आल्या की दचकतो), भेळ असते, कॉकटेल आइस्क्रीम असतं. सत्यसुधारकचं नाव तेवढं कुठे दिसत नाही. बहुधा रेटिंग मिळालं नसावं.

भाऊसिंगजी रोडच्याच भागात माळकर तिकटी आहे. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला सकाळी इथे जिलेबीसाठी रांगा लागतात. झेंडावंदन झालं की जिलेबी, हा कोल्हापूरचा अलिखित कायदा आहे. गल्लोगल्ली मांडव टाकून कढया चढतात. प्रथा मला मनापासून आवडते. फक्त बारीक खोच अशी की १५ ऑगस्ट १९४७ ला कोल्हापूर संस्थानच होतं. मुंबई प्रांतात ते विलीन झालं १ मार्च १९४९ रोजी. त्या दिवशी कुणी किलोभर जिलेबी बांधून नेताना दिसत नाही. त्या दिवशी सुट्टी नसते ना.

राहिलं मटण. २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर किलोला पाचशेच्या वर गेला आणि कोल्हापूर पेटलं. कसबा बावड्यातून सुरू झालेलं आंदोलन शहरभर पसरलं, बैठका झाल्या, दुकानं बंद पडली, प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. बाहेरचे हसले. इथल्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण याच शहराने कृती समिती काढून, वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून २०१५ च्या अखेरीला सरकारला टोल रद्द करायला लावला होता. टोल काय, मटण काय, दर परवडला पाहिजे, बस्स. टोल गेला तो गेला. मटण मात्र तेव्हापासून चढतंच आहे आणि तेव्हा मोर्चात गळा फोडून ओरडणारे आता रविवारी सकाळी रांगेत उभे राहून दबक्या आवाजात म्हणतात, 'भावा, जरा चाप बघून दे की.'