पडलो तरी नाक वर

पडायचं कसं, हे माणसाला वयाच्या दुसऱ्या वर्षी उत्तम येत असतं. पुढे शाळा, नोकरी आणि गृहकर्ज यांच्या नादात तो ते विसरतो. मी त्रेपन्नाव्या वर्षी ते पुन्हा शिकायला गेलो. त्याची फीसुद्धा पडली.

सुरुवात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली. लेकीनं, म्हणजे मनूनं, स्केटबोर्ड आणला होता. चार चाकांची फळी ती. तिच्यावरून मनू दोन खांबांमधून अशी वळणं घ्यायची की आपलं पोर कुणा दुसऱ्याच्या घरचं वाटावं. "बाबा, नुसतं उभं राहायचं असतं हो," ती म्हणाली. मी उभा राहिलो. फळी गेली. मी तिथंच राहिलो, फक्त आडवा. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला : पार्किंगची जागा केवळ वाहनांसाठी आहे.

कमरेला बर्फाची पिशवी लावता लावता मनूनं मला या फळीचं कुळ सांगितलं. मूळपुरुष समुद्रात. 1950च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी, समुद्र शांत असेल त्या दिवशी करायचं काय म्हणून फळ्यांना चाकं ठोकली. पुढे 1970च्या दशकात फ्रँक नासवर्दी या तरुणानं युरेथेनची मऊ, रस्त्याला धरून राहणारी चाकं आणली. 1976-77मध्ये तिकडे मोठा दुष्काळ पडला आणि बंगल्यांमधले पोहण्याचे तलाव कोरडे पडले. सांता मोनिकाच्या ‘झेफायर’ नावाच्या दुकानाची टोळी आणि तिच्यासारखी इतर पोरं कुंपणावरून उड्या मारून त्या तलावांत शिरली आणि त्यांच्या गोलाव्यावर, लाटेवर चढावं तशा फळ्या चढवू लागली. आपल्याकडे दुष्काळ पडला की आपण पिंपं भरून ठेवतो आणि टँकरवाल्याला साहेब म्हणू लागतो. रिकाम्या टाकीत कुणी उतरलाच, तर तो गाळ काढायला.

"सिमेंटपेक्षा पाणी मऊ असतं, बाबा," मनू म्हणाली. असं म्हणणाऱ्या माणसानं पाण्यावर पोट कधी आपटलेलं नसतं. तरी एप्रिलमध्ये आम्ही लाटांवरची फळी शिकायला गोव्यात अश्वेमच्या किनाऱ्यावर पोचलो.

शिकवणारा पोरगा शिरोड्याचा होता. त्यानं मला पाठमोरं उभं केलं आणि काही न सांगता मागून ढकललं. मी सावरायला उजवा पाय पुढे टाकला. "काकानू, तुमी गूफी," त्यानं निदान केलं. उजवा पाय पुढे ठेवून उभा राहणाऱ्याला या खेळात गूफी म्हणतात, स्केटबोर्डवरही हाच शब्द. "घरात आम्हाला कधीचंच माहीत होतं," मनू म्हणाली.

मग तासभर वाळूत कवायत. पोटावर झोपायचं, पंजे छातीशी टेकायचे आणि एका झटक्यात दोन्ही पायांवर यायचं. मी आधी गुडघा टेकायचो, मग गुडघ्यावर हात, मग "आई गं", आणि मग उभा. लग्नाच्या पंगतीतून उठण्याची ही आपली परंपरागत पद्धत आहे. पण यजमान थांबतात, लाट थांबत नाही.

त्यानंतर पडण्याचा धडा. सूर मारायचा नाही, कारण खाली वाळू वीतभरावरच असेल. पसरून, आडवं पडायचं. वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती, कारण फळी पायाला दोरीनं बांधलेली असते आणि ती मालकाला शोधत परत येते. जॅक ओनील नावाचा गृहस्थ वेटसूटच्या धंद्यात नावाजलेला. त्याच्या मुलानं अशी रबरी दोरी तयार केली आणि 1971मध्ये तिच्यामुळेच उसळून आलेल्या फळीनं बापाचा डावा डोळा गेला. पुढे तो काळी पट्टी लावून फिरला आणि त्याचं तेच चित्र त्याच्या मालाची ओळख झालं. मी मनूकडे पाहिलं. माझी दोरी तिनंच बांधली होती.

मराठीत लाटेवर स्वार झालेली माणसं मी आजवर फक्त निवडणुकीत पाहिली होती. ती पडली की दुसऱ्या फळीत जातात. मला एकच फळी होती, नऊ फुटांची, आमच्या ओट्यापेक्षा लांब. पोरगा कमरेएवढ्या पाण्यात फळी धरून उभा राहायचा, मागे लाट बघायचा आणि ओरडायचा, "काकानू, उठा!" मी उठायचो. म्हणजे उठायला सुरुवात करायचो. तेवढ्यात सगळा अरबी समुद्र माझ्या नाकात जाऊन कानांवाटे बाहेर पडायची वाट शोधायचा. आपल्या म्हणीत पडलो तरी नाक वर असतं. म्हण करणारा माणूस देशावरचा असावा.

तेराव्यांदा पडल्यावर मी मार्क ट्वेनला आठवलं. 1866मध्ये हवाईला गेला असता त्यानंही हे करून पाहिलं होतं. फळी किनाऱ्याला लागली आणि तो तळाला. हवाईचे लोक याला ‘हे-ए नालू’ म्हणत. राजेही खेळत, रयतही खेळे. मग मिशनरी आले आणि कमी कपड्यांत आनंदानं चाललेला हा प्रकार त्यांच्या डोळ्यांत सलला. खेळ जवळपास बुडालाच होता. तो वर काढणाऱ्यांत पुढे होता ड्यूक कहानामोकू. 1912च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलेला हा माणूस फळी घेऊन ऑस्ट्रेलियापर्यंत गेला आणि तिथल्यांना वेड लावून आला. शंभरेक वर्षांनी, टोकियोत, लाटांची फळी आणि चाकांची फळी दोन्ही एकदमच ऑलिंपिकमध्ये शिरल्या. चाकांच्या फळीवर तिथं सुवर्णपदक घेणारी मोमिजी निशिया तेरा वर्षांची होती. पडणं विसरायला तिला वेळच मिळाला नव्हता.

"तुमी खाली बघतास म्हणान पडतास," पोरगा म्हणाला. "खाली बघलास तर खालीच जातलास. माडाकडे बघा."

अठराव्या वेळी मी माडाकडे बघितलं. लाटेनं फळीचं शेपूट उचललं, आणि इतका वेळ थपथपणारी फळी एकाएकी सळसळू लागली. पाय कधी आले, कळलं नाही. गुडघा नाही, "आई गं" नाही. मला कुणी ढकलत नव्हतं की ओढत नव्हतं. कुठूनसा दूरवरून निघालेला जोर किनाऱ्याला चालला होता आणि वाटेत त्यानं मला सोबत घेतलं होतं. हप्ता, साखर, पार्किंगची नोटीस, सगळं मागच्या मागे राहिलं. माड मोठा होत गेला. मग फळी वाळूत रुतली आणि मी माडाला भेटायला एकटाच पुढे गेलो.

"चार सेकंद," मनू म्हणाली. तिनं मोजले होते.

रात्री तिनं मला पोर्तुगालच्या नाझारेचा व्हिडिओ दाखवला. तिथं समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी थेट किनाऱ्यापाशी येऊन संपते. दरीवरून आलेलं पाणी वेग राखून येतं, शेजारच्या उथळ भागावरचं मंदावतं; दोघं एकत्र येतात आणि लाट डोंगर होते. 29 ऑक्टोबर 2020 रोजी सेबास्टियन स्टॉइट्नर हा जर्मन माणूस तिथं 26.21 मीटरच्या लाटेवरून उतरला आणि गिनेस बुकात गेला. आमची सोसायटी सात मजली. म्हणजे तो आमच्या गच्चीवरच्या टाकीवरून पार्किंगमध्ये आला असता, आणि सेक्रेटरीनं त्यालाही नोटीस दिली असती.

मग तिनं माझा व्हिडिओ लावला. त्यात लाट दिसत नाही. स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढणारा एक गृहस्थ दिसतो, आणि स्टूल हळूहळू किनाऱ्याकडे चाललेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी अकरा वेळा पडून आम्ही पुण्याला निघालो. वाटेत सावंतवाडीला आत्याकडे जेवायला थांबलो. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. मी नमस्काराला वाकलो आणि दोन दिवस नाकात साठवलेला समुद्र एकदम सुटला. धार थेट तिच्या पावलांवर.

आत्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडतोस कशाला रे? अजून आहे मी."

मी काही बोललो नाही. तिनं जेवताना दोन सोलकढ्या जास्त वाढल्या.