मोघम

भाऊंना काहीही विचारा, उत्तर एकच. कपाशीचा भाव? मोघम. पोरीला आलेलं स्थळ? मोघम. गुडघा? तोही मोघमच. हा शब्द त्यांनी भेंडवळहून आणलाय.

भेंडवळ आमच्या जळगाव जामोद तालुक्यातलं. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथं वाघ घराण्यातले महाराज वावरात घट मांडतात. चंद्रभान महाराजांनी सुरू केलेली ही रीत साडेतीनशे वर्षांची म्हणून सांगतात. गोलाकार अठरा धान्यं. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पापड, भजं, वडा, करंजी, विडा. रात्रभर तिकडं कोणी फिरकायचं नाही. सूर्योदयाला ढेकूळ किती भिजलं, दाणा कुठं सरकला, त्यावरून पीकपाणी, अन् भाऊंचा ‘मोघम’ तिथलाच. करंजी म्हणजे देशाची तिजोरी, विडा म्हणजे राजा, मसूर शत्रू, करडी संरक्षण. अख्खं मंत्रिमंडळ एका वावरात, आणि तेही बिनखर्चाचं.

भाऊ दरवर्षी पुढच्या रांगेत. दुपारी पारावर त्यांचं भाष्य. ‘राजेहो, करंजी जागची हालली नाही, पण...’ या ‘पण’वर कोणीतरी चहा सांगतंच. एकदा अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पोरानं विचारलं, ‘दाणा मुंगीनं ओढला असला तर?’ भाऊ म्हणाले, ‘मंग मुंगीले कोनं पाठोलं?’ लोक त्या पोरावर हसले, तसे भाऊच भडकले. ‘बोलू द्या ना त्याले! लोकशाही हाय!’ आणि आपल्या वाट्याचा चहा त्याच्यापुढं सरकवला.

खरा बहर 2024 सालचा. लोकसभेची आचारसंहिता, म्हणून राजाचं भाकीत जाहीर झालंच नाही. तीन पक्षांची माणसं वेगवेगळ्या वेळी भाऊंच्या ओसरीवर. प्रत्येकाच्या कानाला लागून भाऊ तेच सांगत, ‘विडा म्या पाह्यला. पन बोलता येत नाही. कायदा हाय.’ तिघंही खुशीत परतले.

एवढी श्रद्धा, पण भाऊ पेरतात सोयाबीन. अठरा धान्यांच्या ज्या याद्या मी ऐकल्या, त्यात सोयाबीन कधी सापडलं नाही. विचारलं तर म्हणतात, ‘सरकीच्या बाजूनं पाह्यचं, अंदाज येते.’ 2023 साली सरकारनं एक रुपयात पीकविमा काढला, तेव्हा सेवा केंद्रावर सकाळी सातला पहिला नंबर भाऊंचा. म्हटलं, ‘भाऊ, घट तर पीक चांगलं म्हणतो, मग विमा कायले?’ पावतीची घडी बंडीच्या आतल्या खिशात घालत म्हणाले, ‘घट देशाचा असते बावा. वावर माह्यं हाय.’

2025 साली तो रुपयाचा विमा बंद झाला. मला वाटलं, आता भाऊ सरकारला चार शिव्या देतील. भाऊ तर खूश दिसले. पारावर मांडी ठोकून म्हणाले, ‘काय सांगत होतो? करंजी मले तवाच जराशी तडकल्यावानी वाटली होती.’