अद्याप न पडलेल्या इमारतींस

प्रति,
समस्त जुन्या इमारती (ज्या अजून उभ्या आहेत त्या),
नौपाडा, चरई, खारकर आळी व आसपास,
ठाणे (प.).

विषय : वेळेत न पडल्याबद्दल लेखी खुलासा मागवण्याबाबत.

संदर्भ : दर पावसाळ्याआधी आपल्या भिंतीवर चिकटणारी नोटीस.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या वागण्याने शहराची फार अडचण होऊ लागली आहे. इमारतीने तिशी गाठली की स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं, आपण आतून खचलो आहोत हे अहवालात कबूल करावं, सी-वनच्या म्हणजे अतिधोकादायक इमारतींच्या यादीत नाव लावून घ्यावं आणि मुकाट जागा रिकामी करावी, ही साधी रीत आहे. तुम्ही मात्र पन्नाशी-साठी गाठून बसलात. प्लास्टर पाडता, सळया दाखवता, गॅलरीच्या कोपऱ्यात पिंपळ वाढवता आणि उभ्या त्या उभ्याच. घरात आजारी माणूस असावा तसं सगळं गाव तुमच्याकडे बघून कुजबुजतं, ‘अजून आहे का?’

थट्टा जपूनच करतो. ऑगस्ट २०१५ मध्ये बी-केबिनला अशीच एक पन्नाशीची इमारत ऐन रात्री कोसळली आणि झोपेतली माणसं गेली. त्या आठवड्यात आमच्या जिन्यातून कुणी धावत उतरलं तरी आम्ही छताकडे बघायचो. पण त्याच्या दोन वर्षं आधी, ४ एप्रिल २०१३ ला, शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली सात मजली इमारत पडली आणि ७४ माणसं मेली, ती काही म्हातारी नव्हती. बांधून पुरी व्हायच्या आतच पडली. तिच्या भिंतीवर नोटीस चिकटवायला भिंत जुनी व्हायला हवी होती, तेवढी सवडच तिने दिली नाही. तेव्हापासून ‘जुनी म्हणून धोकादायक’ हे शब्द माझ्या तोंडून जरा अडखळत निघतात. असो. नोटीस तुमच्यावर आहे, तिच्यावर नाही.

तर मुद्द्याकडे येतो. तुम्हाला उभंच राहायचं होतं, तर ठाण्यात कोण उभं राहतं हे आधी विचारून घ्यायला हवं होतंत.

खाडीकाठचा किल्ला घ्या. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. बांधकाम चालू असतानाच, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला; १७७४ च्या अखेरीला इंग्रजांनी. इतके मालक बदलूनही तो टिकला, कारण त्याने वेळीच ओळखलं की ठाण्यात किल्ला म्हणून भविष्य नाही, तुरुंग म्हणून आहे. सप्टेंबर १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथूनच निसटले. बाहेर एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतून आत निरोप पोचायचे. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं. नाशिकच्या जॅक्सन-वधाच्या खटल्यात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला फाशी दिलं तेही इथेच. एवढं सगळं पोटात घेऊन तो उभा आहे. पण ठाणेकराला विचारा, ‘किल्ला कुठे हो?’ तो म्हणेल, ‘ठाण्याला किल्ला? घोडबंदरला असेल.’ मग विचारा, ‘जेल कुठे?’ हात बरोबर त्या दिशेला जाईल.

कौपिनेश्वर टिकला, कारण आत शंकर आहे. आजचं देऊळ पेशवाईतलं, १७६० च्या सुमाराला सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी उभारलेलं. सेंट जेम्स चर्च १८२५ चं. त्याचं पावनविधान बिशप हेबर यांनी केलं आणि त्रिंबकजींच्या पळून जाण्याची ती गोष्टही याच पाद्रीबुवांनी आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवली. एकाच मुक्कामात देवाचं घर उघडलं आणि तुरुंग फुटल्याची बातमी नोंदली, असा पाहुणा गावाला पुन्हा मिळाला नाही. टेंभी नाक्याचं यहुद्यांचं सिनेगॉग १८७९ चं. त्याच्या नावाचा अर्थच ‘स्वर्गाचं द्वार’. नवरात्रात त्या नाक्यावर जी गर्दी लोटते, तिच्यातले फार थोडे त्या द्वाराकडे मान वळवून बघतात.

राहता राहिलं मनोरुग्णालय. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, तेव्हाच्या गावाबाहेर, झाडीत. त्याच्याही आवाराचा एक तुकडा आता ठाणे आणि मुलुंड यांच्या मध्ये होणाऱ्या नव्या स्थानकासाठी गेला आहे. सकाळी ८ वाजून काही मिनिटांच्या लोकलमध्ये एकदा उभं राहून पाहिलं तर ही निवड अगदीच अयोग्य होती असं म्हणवत नाही.

म्हणजे हिशेब सरळ आहे. या गावात टिकायचं तर पोटात देव हवा, नाहीतर कैदी, नाहीतर वेडा. तुमच्या पोटात काय होतं? पोस्टातले कारकून, शाळामास्तर, वागळे इस्टेटचे फिटर, सकाळी डबा भरणाऱ्या बायका, दहावीचा अभ्यास करणारी पोरं. यांना वारसायादीत कोण घेणार?

तुमचा गैरसमज झाला असेल तर समजू शकतो. तुम्हाला वाटलं, हे इतिहासाचं गाव. शिलाहारांचं श्रीस्थानक. १७८७ मध्ये याच किल्ल्यात पाया खणताना अरिकेसरी राजाचा १०१७ सालचा ताम्रपट सापडला आणि तो विद्वानांच्या हाती पोचला. तेव्हा खणायला कुदळ होती. पत्र्यावर कुदळ आपटली की आवाज येतो, माणूस थांबतो, वाकून बघतो. आता पोकलेन आहे. पोकलेनवाल्याच्या कानात हेडफोन असतो आणि डंपर रात्रीतून माती कुठल्या कुठे नेऊन टाकतो. श्रीस्थानकाचे आणखी किती राजे खाडीच्या भरावात झोपले असतील, देव जाणे.

खरं तर या गावाने आपला स्वभाव पहिल्याच दिवशी सांगून टाकला होता. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून १४ डबे, ३ इंजिनं आणि ४०० पाहुणे घेऊन गाडी निघाली आणि सुमारे तासाभरात ठाण्याला आली. हिंदुस्थानातली पहिली उतारूंची गाडी. पाहुण्यांच्या खान्यासाठी ठाण्यात काय उभारलं होतं? तंबू! रेल्वेच्या इतिहासातलं आमचं पहिलं बांधकाम म्हणजे खाऊन झाल्यावर गुंडाळून ठेवायची वस्तू. तोच कित्ता आम्ही आजतागायत गिरवतो आहोत, फक्त कनातीऐवजी काँक्रीट वापरतो.

आता तुमच्यावर उगाच अन्याय नको म्हणून तुमचंही पूर्वचरित्र काढतो. नौपाड्यात तुमच्या जागी आधी कौलारू घरं होती. पुढे ओटा, मागे विहीर, रहाट, एखादा रायवळ आंबा. साठ-सत्तरच्या दशकांत ती पाडून तुम्ही आलात : तीन मजले, मोझेकची लादी, हिरव्या गजांच्या गॅलऱ्या. तेव्हा माझ्या आजोबांनी तुम्हाला ‘काड्यापेट्या’ म्हटलं होतं आणि विहीर बुजवली त्या दिवशी ते जेवले नव्हते. आज त्याच काड्यापेट्यांसाठी मी पत्र लिहीत बसलो आहे. माझा नातू उद्या पोडियम पार्किंगच्या आठवणीने गहिवरेल. गहिवर कुठल्या तरी पाडापाडीवर जडतोच, मजले तेवढे वाढत जातात.

आणि एक कबुली देऊन टाकतो. आमची इमारत पाडायचा ठराव आला तेव्हा मीही हात वर केला होता. गच्चीवरच्या सभेत बिल्डरच्या माणसाने पडद्यावर हिरवळ दाखवली, पोहण्याचा तलाव दाखवला, त्यात पोहणारी एक गोरी बाई दाखवली. तळमजल्यावरच्या काकूंनी एकच प्रश्न विचारला : ‘ओटा पूर्वेला आहे का?’ त्या माणसाने लॅपटॉपवर सगळं घर फिरवून ओटा पूर्वेला आणला. पहिल्या सभेला सामोसे आणि वेफर्स होते, दुसऱ्या सभेला नुसता चहा. करारावर सह्या झाल्यावर पाणीही ज्याने त्याने आपापलं आणावं असं ठरलं. छत गळत होतं, गुडघे जिना चढत नव्हते, मुलाला एक खोली जास्त हवी होती. यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. त्यामुळे मला तुमच्या बाजूने अश्रू ढाळायचा हक्क नाही. तीन वर्षांच्या बोलीवर घोडबंदर रोडला भाड्याने राहायला गेलो, त्याला आता पाचवं वर्ष आहे. भाड्याचे धनादेश पहिल्या दोन वर्षांत आले, मग त्यांनाही रस्त्यातलं ट्रॅफिक लागलं असावं.

आमच्या इमारतीला पहिल्या जागामालकाच्या आईचं नाव होतं. नव्या इमारतीला जे नाव मिळालं आहे त्याचा उच्चार करताना काकूंची कवळी सुटते.

पण तुम्हाला खुलासा मागायचं माझं खरं कारण वेगळंच आहे. तुम्ही गेल्याने इतिहास बुडेल असं मुळीच नाही. तो बुडत नाही. तो रिक्षाच्या मीटरवर चालतो.

मी रोज ‘नितीन कंपनी’ला उतरतो. माझ्याबरोबर जी तरुण मुलं उतरतात, त्यांनी आयुष्यात कधी ती कंपनी पाहिलेली नाही. माणसं ‘गोल्डन डाइज’ला भेटायची वेळ ठरवतात आणि रंगाचा थेंबही न दिसता भेटतात. ‘कॅडबरी’ला सिग्नल लागतो. ‘कापूरबावडी’त उतरणारा बावडी शोधत नाही, पुलाखालची बस शोधतो. ‘वंदना’ हे सिनेमाचं नाव, पण ‘वंदनाला ये’ म्हटलं की माणूस एसटीच्या रांगेत उभा राहतो. रेमंडच्या गिरणीने सुमारे पंधरा वर्षांपूर्वी शेवटचा धागा विणला. तिच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले, पण रिक्षावाल्याच्या तोंडात अजून ‘रेमंड’च आहे. तिथल्या नव्या फ्लॅटची किंमत ऐकली की सुटाच्या कापडाची जुनी जाहिरात फार स्वस्त वाटू लागते.

वागळे इस्टेटचं तर काय सांगावं! एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये आणि तिची पहिली वसाहत म्हणून हीच नावारूपाला आली. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघायचा. आता त्याच गाळ्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत आणि आतली पोरं रात्री अमेरिकेशी बोलतात. भोंगा नाही. सकाळी सहाला ती पोरं डोळे चोळत बाहेर येतात तेव्हा त्यांच्यासाठी टपरीवर पहिला चहा लागतो, तेवढी मात्र शिफ्ट बदलल्याची खूण उरली आहे.

परवा एका रिक्षावाल्याला विचारलं. वर्षभरापूर्वीच गावाकडून आलेला, मराठी अजून अंगवळणी पडायचं होतं. म्हटलं, ‘नितीन कंपनी, नितीन कंपनी म्हणता, पण ती कंपनी आहे कुठे?’ त्याने पुलाकडे हात केला. ‘ये क्या साहब, यही तो है.’

बघा, कारखान्यांनी जाता जाता केवढी शहाणी व्यवस्था करून ठेवली! धंदा गेला, छप्पर गेलं, पण नाव सिग्नलला बांधून गेले. तुम्ही घरं मात्र अगदीच अव्यवहारी. तुमची नावं कुणाच्या आईची, कुणाच्या कुलदैवताची, कुणाच्या गावाची. फाटकावरच्या संगमरवरी पाटीखेरीज ती कुठेही नोंदलेली नाहीत आणि ती पाटी भंगारवाला सगळ्यात आधी काढतो, कारण ती अखंड निघते.

१८९३ पासून चालत आलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय याच गावात आहे. विनायक लक्ष्मण भाव्यांसारखी माणसं त्याच्या मुळाशी होती आणि मराठीचे जुने कवी हुडकण्यात भाव्यांनी आयुष्य घातलं. पोथ्या शोधायला ते गावोगाव फिरले. इमारती शोधायला कुणी फिरायचं ठरवलं तर त्याने कुठलं दप्तर चाळावं? नगरपालिका १८६३ ची, महानगरपालिका १९८२ ची. नकाशे असतील, मंजुऱ्या असतील. पण दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या दारात तुळस होती आणि कुणाच्या घरी पहिला टीव्ही आला म्हणून रविवारी सगळी चाळ जमिनीवर बसायची, हे कुठल्या फायलीत बसवायचं?

सबब आपणांस फर्मावण्यात येते की, पडण्यापूर्वी आपापल्या नावाची सोय लावून घ्यावी. जवळच्या रिक्षास्टँडवर चार म्हाताऱ्या रिक्षावाल्यांशी संधान बांधावं. पुढच्या वडापाववाल्याला गाडीवर आपलं नाव रंगवायला सांगावं. गाडी हलते, पण पडत नाही. ज्या इमारतींना हे जमणार नाही त्यांनी निदान एखादा खून किंवा एखादा आमदार तरी आपल्या खात्यावर दाखवावा. खुलासा तीस दिवसांत न आल्यास आपलं काही म्हणणं नाही असं गृहीत धरण्यात येईल.

आपला,
माजी रहिवासी, दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली
(सध्या भाड्याने)

ता.क. हे पत्र टपालाने पाठवत नाही. पोस्टमन अजून ओळखीचा आहे, त्याने आणून दिलंही असतं. पण सही कोणाची घ्यायची या प्रश्नात तो अडकला असता. म्हणून स्वतःच आलो आहे. तुमच्या नोटिशीच्या उजव्या बाजूला वीतभर जागा आहे, तिथे हे लावतो. आभाळ भरून आलं आहे आणि डबीतली खळ पातळ झाली आहे, तेव्हा भिंतीला ओल असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी दारावर लावीन.