फोन जमा करा, सरांचा सोडून

मुनिरका गावातल्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की कुकरची शिट्टी आपली की समोरच्यांची, हे ओट्याजवळ गेल्याशिवाय कळत नाही. डोक्यावर तारांचं जंजाळ, पायाशी मोमोची गाडी आणि मधल्या सगळ्या भिंतींवर पाट्या: पीजी, टिफिन, लायब्ररी. ही लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. तिथे पुस्तक औषधालाही नसतं. महिन्याच्या भाड्यानं खुर्ची मिळते, एसी मिळतो, वायफाय मिळतं आणि समोर पाटी असते, ‘फोन सायलेंट पर रखें’. लातूर-नांदेडकडून यूपीएससीच्या नादानं आलेली आपली पोरं इथे दिवसदिवस बसतात. नेट द्यायचं, पण फोन वाजू द्यायचा नाही, एवढं एका ओळीचं धोरण. ते लायब्ररीवाल्यानं शिक्षणतज्ज्ञांची समिती न नेमता केलं, म्हणून पाळलं जातं.

आमच्या मजल्यावर अकोल्याचं एक कुटुंब आहे. त्यांचा मुलगा आठवीत. त्याच्या शाळेत फोन नेला तर जप्त. संध्याकाळी गृहपाठ मात्र फोनवर येतो. पुस्तकातल्या धड्याशेजारी चौकोनी क्यूआर कोड छापलेला असतो, तो स्कॅन करून व्हिडिओ पाहायचा. घरात चालता फोन एकच, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील रात्री साडेआठपर्यंत ऑफिसात. परवा मला म्हणाला, ‘‘काका, माझं पुस्तक रात्री साडेआठला उघडतं.’’

हा कोड छापणारी एनसीईआरटी इथून काही लांब नाही. आयआयटी ओलांडून श्री अरविंद मार्गाला लागलं की आलीच. आणि कोडचं मूळ शोधायला निघालात तर थेट सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीला पोचाल. जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत क्यूआर कोड आणले. पुढे ती कल्पना महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत गेली, मग एनसीईआरटीच्या. डिसले गुरुजींना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. (हेच गुरुजी २०२२ मध्ये अमेरिकेच्या अभ्यासवृत्तीसाठी मागितलेल्या रजेवरून बातम्यांत होते. जगात पहिला आलास तरी रजेचा अर्ज योग्य मार्गानेच.)

परितेवाडीत कोड चालला, कारण त्याच्या पलीकडे एक माणूस बसला होता. कोणत्या मुलीला काय कळत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याप्रमाणे कोडमागे काय ठेवायचं ते तो ठरवत होता. कोड देशभर छापून झाला. डिसले गुरुजी छापता आले नाहीत.

दिल्लीत मजा आणखी पुढची आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या शिक्षण संचालनालयानं परिपत्रक काढलं की मुलांनी शाळेत मोबाइल आणू नये, आणलाच तर लॉकरमध्ये वगैरे जमा करावा. म्हणजे एका सरकारी कार्यालयानं पुस्तकात फोननं उघडायचं कुलूप बसवलं आणि दुसऱ्यानं किल्ली दारावरच जमा करून घेतली. दोघांचंही बरोबर आहे. दोघांनी एकमेकांना फोन केला असता तर बरं झालं असतं.

त्याच परिपत्रकात शिक्षकांनाही सांगितलं होतं की शिकवताना वर्गात मोबाइल वापरणं टाळा. हे परिपत्रक बहुतेक शिक्षकांनी कशावर वाचलं असेल, ते तुम्हीच सांगा.

मग फोनचा प्रश्न कोर्टातही पोचला. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. अनूप जयराम भंभानी यांनी एका केंद्रीय विद्यालयातल्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात निकाल दिला. शाळेत स्मार्टफोनवर सरसकट बंदी इष्टही नाही आणि जमणारीही नाही. आईबापांना मूल कुठे आहे हे कळायला फोन लागतो, तेव्हा आणू द्या. जमेल तिथे आल्यावर जमा करून घ्या. वर्गात वापर नको. शाळेच्या आवारात, गाडीत फोटो आणि रेकॉर्डिंग नको. मुलांना फोन वापरायची रीत शिकवा. आणि नियम करताना पालक, शिक्षक, जाणकार यांना विचारा. मला यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात आवडलं. आपल्याकडे शिक्षकाला विचारायला सांगण्यासाठी हायकोर्ट लागतं.

मुलांच्या फोनबद्दल एवढा ऊहापोह झाला, पण वर्गात सगळ्यात जास्त वाजणारा फोन मुलांचा नसतोच. तो सरांचा असतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना विचारा. आज किती मुलांनी खिचडी खाल्ली ते अ‍ॅपवर भरा. अमुक मुलाचं आधार जुळत नाही, जुळवा, नाहीतर संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरताना, पद जाईल. सरल, यू-डायस या सरकारी प्रणाली भरा, मुलांचे अपार क्रमांक काढा. केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर ‘अतितातडीचे’, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ग्रुपवर ‘अत्यंत तातडीचे’, आणि खाली अंगठ्यांची रांग. गुरुजी फळ्याकडे वळले की टेबलावर फोन थरथरतो. तिसरीतल्या मुलालाही कळतं की सरांना ‘वरून’ काहीतरी आलं. या पोरांच्या लेखी ‘वर’ म्हणजे आभाळ नाही, व्हॉट्सॲप.

नोव्हेंबर २०१६ मध्ये तर शासनानं आदेशच काढला होता की गुरुजींनी दर सोमवारी दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्याबरोबर सेल्फी काढायचे आणि सरल प्रणालीवर चढवायचे. उद्देश उदात्त होता, शाळाबाह्य मुलं कमी करायची. पटावर साठ मुलं असतील तर सहा सेल्फी, आणि प्रत्येक सेल्फीतल्या मुलांची नावं, आधार क्रमांक. रेंज शोधत गुरुजी शाळेच्या पत्र्यावर चढले असतील, मुलं खालून ‘अजून डावीकडे’ सांगत असतील. विरोध झाला आणि जानेवारी २०१७ मध्ये योजनेला स्थगिती मिळाली. पण तिचा आत्मा अमर आहे. आजही उपक्रम झाला की नाही हे मुलांना काय आलं यावरून ठरत नाही. फोटो अपलोड झाला, की उपक्रम झाला. वृक्षारोपणाला एक रोप आणि पंधरा फोन.

साधनं मात्र येतच राहतात. १९८७ मध्ये ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ आलं, त्यात दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा-खडू द्यायची भाषा होती. २० फेब्रुवारी २०१९ ला आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर मनुष्यबळ विकास मंत्री असताना ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ आलं. नावं पाहा. बत्तीस वर्षं झाली तरी आपण फळ्यावर शस्त्रक्रियाच करतोय, रोगी टेबलाशेजारी उभा आहे. काळा फळा गेला, पांढरा आला. वीज गेली की तोही काळा.

युनेस्कोनं २०२३ मध्ये शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर जाडजूड अहवाल काढला. अहवाल राहू द्या, त्याच्या शीर्षकातच सवाल आहे: हे साधन नेमकं कोणाच्या अटींवर? याचं उत्तर मुनिरकातला लायब्ररीवाला देऊ शकतो. गुरुजी देऊ शकत नाहीत, कारण त्यांना कोणी अटी विचारलेल्याच नाहीत. कधी लावायचं, किती वेळ लावायचं आणि मुख्य म्हणजे कधी बंद करायचं, यातलं एकही बटण त्यांच्या हातात नाही.

बंद करायचं बटण एका गावानं मात्र शोधलं. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याचं त्याला मोकळं. सुरुवातीला घरोघर फिरून सांगावं लागलं. साहजिक आहे, सात ते साडेआठ म्हणजे मालिकांचा सुकाळ. यातली खोच अशी की भोंगा एकट्या मुलांसाठी वाजत नाही. आईची मालिकाही बंद, बापाचं रीलही बंद. मुलांचे फोन काढून घेऊन मोठ्यांनी आपले चालू ठेवणं, हा देशभरचा शिष्टाचार वडगावनं मोडला. मला तर वाटतं, एक भोंगा जिल्हा परिषदेच्या इमारतीवरही बसवावा. सकाळी साडेदहा ते साडेचार कोणीही शाळेच्या ग्रुपवर काही टाकायचं नाही. पहिल्या आठवड्यात प्रशासन कोलमडेल. दुसऱ्या आठवड्यात गुरुजींना अपूर्णांक शिकवायला वेळ मिळेल.

हे कोणाला गंमत वाटत असेल तर ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ चा अहवाल बघावा. ग्रामीण भागातली चौदा ते सोळा वयाची ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकतात. त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. मुलांना नावं ठेवायच्या आधी हाच प्रश्न शिक्षणखात्याच्या फोनला विचारून पाहावा. अभ्यासासाठी किती टक्के, आणि अंगठ्यांसाठी किती?

काल साडेआठला शेजारच्यांचं दार वाजलं. वडील आले, फोनमध्ये नऊ टक्के चार्ज. मुलगा पुस्तक उघडून बसलेलाच होता. चार्जर लावला, कोड धरला, व्हिडिओ फिरत फिरत एकदाचा लागला. बाई समांतर रेषांवर तिरकी छेदिका काढू लागल्या. तेवढ्यात पडद्याच्या वरून शाळेच्या ग्रुपचा निरोप उतरला आणि नेमकी छेदिका झाकली गेली: पालकांस सूचना, पाल्याकडे मोबाइल देऊ नये.

मुलानं तो अंगठ्यानं वर सरकवला. सवयीनं, न वाचता.