बिल्ला टिकला, कागद भिजले

('वॉटरप्रूफ' मेसेंजर बॅग बनवणाऱ्या कारखानदारास एका सायकलवाल्याचे खुले पत्र)

प्रति,
वॉटरप्रूफ बॅगांचे माननीय निर्माते,
मुक्काम पोस्ट : जिथे पाऊस पडत नाही असे कोणतेही गाव

सा. न. वि. वि.

सर्वप्रथम आपलं मनःपूर्वक अभिनंदन. आपल्या बॅगेच्या झाकणावर रबराचा एक छोटा बिल्ला शिवलेला आहे. त्यावर छत्रीचं चित्र आहे आणि खाली 'वॉटरप्रूफ' असं कोरलेलं आहे. पुण्यातला अख्खा जुलै त्या बिल्ल्याने अंगावर घेतला. एक अक्षर फिकं झालं नाही, छत्रीची काडी वाकली नाही. त्याच बिल्ल्याच्या आत, दोन बोटांच्या अंतरावर, नोटरी केलेला भाडेकरार होता. त्यावरच्या नोटरीच्या शिक्क्याचा कर्वे रस्ता संपेपर्यंत निळा डाग झाला. सरकारमान्य शिक्का विरघळला आणि आपला टिकला, म्हणजे पाण्याला दाद न देणारी वस्तू बनवण्याचं तंत्र आपल्या कारखान्यात नक्की आहे. ते फक्त बिल्ल्यापुरतं का राखून ठेवलं, एवढंच विचारायला हे पत्र.

तक्रार केली तेव्हा आपल्या ग्राहकसेवेने गोड आवाजात सांगितलं, की बॅग 'हलक्या पावसासाठी' आहे. ऐकून बरं वाटलं. पावसाचे प्रकार असतात, हे आपल्याकडे निदान एकाला तरी ठाऊक आहे. भारतीय हवामान विभागाच्या हिशेबात २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पडला तर तो हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम आणि ६४.५च्या पुढे जोरदार. अडचण एवढीच, की पाऊस हलका होता की नव्हता हे २४ तास संपल्यावर ठरतं आणि ऑफिसात हजेरी सकाळी लावायची असते. दिवसभराचे दहा मिलिमीटर एका अर्ध्या तासात, नेमके आम्ही विद्यापीठ चौकात असताना कोसळले, तरी दप्तरी नोंद 'हलका पाऊस' अशीच होते. मग निदान त्या पावसापुरती तरी बॅग आपल्या शब्दाला जागायला हवी होती.

आमची अपेक्षा अवास्तव नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पावसाचा दावा आम्ही आपल्यावर लावणार नाही. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की आमचा भिडे पूल पाण्याखाली जातो. पुलाला जे जमत नाही ते बॅगेने करावं, असंही म्हणणं नाही. डेक्कनहून बाणेरला सायकलने जाताना लॅपटॉप, डबा आणि कागद कोरडे राहावेत, इतकंच.

आपल्या जाहिरातीतला फोटो मात्र देखणा आहे. काळ्या कापडावरून टपोरे थेंब घरंगळताहेत आणि खाली लिहिलंय, '१६८०डी बॅलिस्टिक नायलॉन'. एवढा मोठा आकडा पाहून गिऱ्हाईक दबकतं आणि पाकीट काढतं. हा 'डी' म्हणजे डेनियर, म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. धागा जाड आहे, घासला तर लवकर फाटणार नाही, एवढंच तो आकडा सांगतो. पाण्याविषयी तो चकार शब्द काढत नाही. गोणपाटाचा धागाही भरपूर जाड असतो, म्हणून पावसात कुणी गोणपाटात लॅपटॉप नेत नाही. थेंब घरंगळतात ते कापडावरच्या लेपामुळे, आणि तो लेप धुळीने, घामाने, पाठीशी घासून उतरतो. खरी राखण करतो तो आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा थर. तो दमट हवेतच कुजायला लागतो. आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. मुंबईत आणि कोकणात कपाटात वर्षभर ठेवलेली बॅग झटकली की जो कोंडा पडतो, तो हाच. आपल्या बॅगेचा हा गुण खास आहे. वापरली तरी खराब होते, जपून ठेवली तरी खराब होते.

तरीही कापडावर माझा राग नाही, कारण पाणी कापडातून आलंच नव्हतं. ते शिवणीतून आलं. शिलाई मशीनची सुई प्रत्येक टाक्याला एक भोक पाडते आणि त्या भोकातला दोरा पाणी शोषून आत पोचवतो. आपण तळाला मजबुतीसाठी दुहेरी शिवण मारलीत, म्हणजे वाटाही दुप्पट केल्यात. ही भोकं बुजवायला आतून उष्णतेने चिकटवायची पट्टी मिळते. ती न लावता आपण त्या जागेवर केशरी अस्तर लावलंत. अस्तराचा रंग सुरेख आहे. तो भाडेकराराच्या दुसऱ्या पानावर उतरलाय, तेव्हा खात्रीने सांगतो.

शिवणीला जे जमलं नाही ते चेनने पूर्ण केलं. बॅगेच्या झाकणाबाहेर, ऐन माथ्यावर, मोबाइल पटकन काढता यावा म्हणून आपण एक आडवा कप्पा दिलात. त्याची चेन रबरी लेपाची, दिसायला भारदस्त. अशा चेनी शिंतोडे परतवतात. पण पाणी त्यांच्यावर साचून राहिलं की दातांमधून आणि विशेषतः दोन्ही टोकांच्या फटीतून आत झिरपतं. सायकलवर माणूस पुढे झुकतो, तसा बॅगेचा माथाही आडवा होतो. म्हणजे आपण पन्हाळीत चेन बसवलीत आणि तिच्याखाली फोन ठेवायला सांगितलंत.

यावर आपलं उत्तर तयार होतं : तळाच्या खिशात रेनकव्हर आहे! आहे खरं. पोपटी रंगाचं, इलॅस्टिकचं. ते बॅगेला बाहेरून तीन बाजूंनी झाकतं; चौथी बाजू पाठीची, ती उघडी. पाऊस मानेवरून, रेनकोटवरून ओघळत पाठ आणि बॅग यांच्यामध्ये उतरतो आणि थेट कव्हरच्या खोळीत साठतो. मग बॅग त्यात, भिजत घातलेल्या मटकीसारखी, ऑफिस येईपर्यंत बसून राहते.

आणि एक गोष्ट कुणी आपल्या कानावर घातलेली दिसत नाही. सायकलवाल्याला पाऊस खालूनही लागतो. आजकालच्या बहुतेक स्पोर्टी सायकली मडगार्डशिवाय येतात. मागचं चाक रस्त्यावरचं पाणी, चिखल आणि शेणाचा अंश उचलून सरळ वर फेकतं. तो मारा पाठीच्या कण्यावर आणि बॅगेच्या तळावर बसतो. तळाला काय आहे? दुहेरी शिवण. त्यावर काय टेकलंय? लॅपटॉपची कडा. या योगायोगाला मी कारागिरी म्हणतो.

महाराष्ट्रात २०१८पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे. त्यामुळे वॉटरप्रूफ बॅगेतला माल कोरडा ठेवण्याचं जे खात्रीचं साधन होतं, तेही हातचं गेलं. सध्या माझा चार्जर धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत प्रवास करतो. चार आकडी किमतीच्या बॅगेची अब्रू ती अर्ध्या लिटरची पिशवी राखते आहे, हे आपल्या हिशेबनिसाला जरूर कळवा.

आता आपला दुसरा दावा : 'दिवसभर आरामदायी'. मेसेंजर बॅगेला एकच पट्टा का असतो, याची चौकशी केली होतीत का? अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत सायकलवरून पाकिटं पोचवणाऱ्या कुरियरवाल्यांना दर इमारतीपाशी थांबावं लागे. बॅग न उतरवता पुढे ओढायची, पाकीट काढायचं, पुन्हा मागे ढकलायची, म्हणून एक पट्टा. आणि मागे ढकललेली बॅग मागेच राहावी म्हणून काखेखालून जाणारा दुसरा, बारीक पट्टा. आपण पहिला ठेवलात आणि दुसरा वाचवलात. परिणामी ब्रेक दाबला की बॅग पाठीवरून निघते आणि पोटाशी येऊन बिलगते. चांदणी चौकाच्या चढावर पेडलवर उभं राहिलं, की ती गुडघ्याला ठोसे देत वेग वाढवायला सुचवते. खांद्यावरची गादी सुटी असल्याने ती पहिल्या खड्ड्याला घसरून छातीवर येते आणि खांद्यात रुततो तो नुसता पट्टा. बकलही आपण उजव्या खांद्यावर दिलंत. आपली रहदारी डावीकडून चालते, मागून येणारी बस पाहायला मान उजवीकडेच वळवावी लागते. तेव्हा हनुवटी बरोबर बकलवर आपटते. आणि रंग? काळा. भर पावसात, संध्याकाळी सातला, काळ्या डांबरावर काळी बॅग. चमकपट्टी नाही, मागचा लाल दिवा अडकवायला साधा फासही नाही.

या सगळ्यावर संशोधन चालू आहे असं सांगू नका. कोडं सुटून ४० वर्षं झाली. हार्टमुट ऑर्टलीब या जर्मन सायकलप्रवाशाला इंग्लंडच्या पावसात ताडपत्री घातलेले ट्रक दिसले आणि १९८२मध्ये त्याने त्याच कापडाच्या सायकल-बॅगांचा धंदा सुरू केला. पुढे शिवण काढून टाकून कापडाच्या कडा वितळवून जोडायचं तंत्र आलं. सुई नाही, म्हणून भोक नाही. तोंडाला चेन नाही. कापडाच्या तीन-चार घड्या घालायच्या आणि बकल लावायचं. सॅन फ्रान्सिस्कोत रॉब हनीकट या सायकल-कुरियरवाल्याने १९८९मध्ये स्वतःच बॅगा शिवायला घेतल्या. त्यातूनच पुढे टिंबकटू कंपनी झाली. झ्युरिकच्या मार्कुस आणि डॅनिएल फ्राइटाग या भावांनी १९९३मध्ये ट्रकच्या जुन्या ताडपत्रीची बॅग केली. पट्ट्याला मोटारीचा सीटबेल्ट आणि काठाला सायकलची जुनी ट्यूब. यातलं कोणतं सामान आपल्याकडे मिळत नाही? मार्केट यार्डात येणाऱ्या कांद्याच्या ट्रकवरही ताडपत्री असते. त्या कांद्याला जेवढं संरक्षण आहे तेवढंच माझ्या लॅपटॉपला मिळावं, ही काही फार मोठी महत्त्वाकांक्षा नाही.

न्यायाचं बोलायचं तर ताडपत्रीच्या बॅगेचेही तोटे आहेत. ती जड असते, पाठीला वारा लागू देत नाही, आणि ओला रेनकोट आत कोंबला तर बाहेर न जाणारं पाणी आतच सगळ्यांना वाटून देते. लॅपटॉप, डबा, बाटली मिळून वजन पाच किलोच्या घरात गेलं, की कुठलाही एकच पट्टा एका खांद्याला छळणारच. तेवढं ओझं रोजचं असेल तर ते पाठीवरून उतरवून कॅरियरला लटकवावं, हेच शहाणपणाचं. हे आपण बॅग विकताना सांगितलं असतंत, तर एक गिऱ्हाईक गमावलं असतंत आणि एक शत्रूही.

तेव्हा मागण्या थोड्याच आहेत. बिल्ल्यावरची छत्री काढा आणि तिथे आकडा घाला. विजेच्या उपकरणांसाठी आयईसी ६०५२९ नावाचं मानक आहे. त्यात पाण्यासाठी ४ म्हणजे सगळीकडून येणारे शिंतोडे, ६ म्हणजे जोरदार झोत, ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. काही बॅगवाले ते आकडे बॅगेवर छापतात. आपल्या बॅगेला यातलं काहीच झेपत नसेल तर शून्य छापा. शून्यालाही मानकात जागा आहे. शिवणीला आतून पट्टी लावा, माथ्यावरची चेन बंद करा, काखेखालचा पट्टा परत द्या. आणि पुढचं मॉडेल बाजारात आणण्याआधी जुलैतल्या एका दिवशी, मडगार्ड नसलेल्या सायकलवर, आपल्या कारखान्याची मूळ कागदपत्रं त्यात घालून स्वतः कात्रजहून शिवाजीनगरला या. झेरॉक्स चालणार नाही.

कळावे. लोभ होता.

आपला,
अस्तराच्या रंगात रंगलेला
एक सायकलवाला

ता. क. (वाचकांसाठी) : बॅग घ्यायला जाल तेव्हा लॅपटॉप, चार्जर आणि डबा बरोबर न्या. सगळं भरून, पट्टा आवळून, दुकानातच सायकलवर बसल्यासारखे पुढे वाका आणि उजवीकडे मागे वळून पाहा. बॅग पोटाशी आली तर ती तिथेच उतरवून ठेवा. पाठीवर राहिली तर रिकामी करून आतून उलटी करा आणि तळाचे कोपरे तपासा. टाके उघडे दिसले तर दुकानदार काहीही सांगो, ती बॅग ऑक्टोबर ते मे वापरायची आहे.