मुदतराव

पावसाळ्यात भाताची खाचरे आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्या असा ज्यांचा वर्षाचा क्रम, त्या शहापूर-मुरबाडच्या मुलखात गावोगाव एखादा तरी असा सद्गृहस्थ आढळतोच, की ज्याला सरकारबाकी कधी नाकबूल नसते आणि ज्याच्याकडून ती कधी चुकतीही होत नाही. त्याचे बारशाचे नाव काही का असेना, आपण त्याला मुदतराव म्हणू.

मुदतराव पैसे बुडवणाऱ्यांपैकी नव्हेत; देणे त्यांना शिरसावंद्य असते, केवळ त्याची तारीख मान्य नसते. आणेवारी घसरली की शेतसाऱ्याला न मागता तहकुबी मिळते, हे वडिलांच्या हयातीपासून पाहत आल्यामुळे, भट्टीचा हंगाम अवकाळी पावसाने बिघडल्यावर आयकर खात्यानेही आपण होऊन थांबावे, अशी त्यांची प्रामाणिक अपेक्षा असते. पूर्वी पोस्टमनला ‘शेठ घरी नाहीत’ असे सांगून नोटीस परतवता येई. आता ती थेट मोबाइलवर येते, आणि मोबाइल घरी नाही असे सांगण्याची सोय उरलेली नाही, याचे त्यांना अतोनात दुःख आहे.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे १९६१ च्या जुन्या अधिनियमातील कलम १० (१) त्यांना मुखोद्गत. आणि ज्याअर्थी वीट मातीतूनच निघते, त्याअर्थी ती पीकच होय, हा त्यांचा सिद्धान्त. कल्याणच्या करसल्लागाराने तो शांतपणे ऐकून घेऊन वीट भाजावी लागते ही गोष्ट निदर्शनास आणली, तेव्हा ‘भात तरी कोणी कच्चा खातो काय?’ असा प्रतिप्रश्न करून त्यांनी चहा मागवला.

सल्लागाराने मग उपाय सांगितले. पैसे नसले तरी विवरणपत्र मुदतीत दाखल करावे, म्हणजे निदान ५,००० रुपयांपर्यंतचे विलंबशुल्क वाचते. जमेल तेवढी रक्कम लगोलग भरावी, कारण बाकीवर दरमहा एक टक्का व्याज चढते आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी पुरा महिना धरतात. आणि मागणीची नोटीस आलीच, तर तिच्या ३० दिवसांच्या आत मुदतवाढीचा अथवा हप्तेबंदीचा अर्ज करावा, अधिकाऱ्यास तो मंजूर करता येतो, व्याज मात्र चालूच राहते.

“तीस दिवसांच्या आत?” मुदतरावांनी बशी खाली ठेवली. “अहो वकीलसाहेब, मुदत संपल्याशिवाय मुदतवाढ मागायची तरी कशी?”

“संपल्यावर मागतात ती माफी, शेठ. मुदत आधी मागायची असते.”

पैसे नव्हतेच म्हणावे, तर पौषी पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेत याच मुदतरावांनी रुमालाखाली बोटे दाबून शर्यतीच्या खोंडाचा सौदा ठरवला होता आणि रक्कम जागच्या जागी रोख मोजली होती. कारण खोंडाचा मालक नोटीस पाठवीत नाही, दोर सोडीत नाही. सरकारकडे तसा दोर नसावा, या समजुतीवर मुदतरावांचा सारा संसार उभा आहे. जप्ती आणि लिलाव हे शब्द त्यांनी दुसऱ्यांच्या संदर्भातच ऐकलेले.

तथापि सल्लागाराचा उपदेश अगदीच वाया गेला, असे मात्र म्हणता येणार नाही. मृगाच्या तोंडावर भट्टी थंडावली, मजुरांचे हिशेब निघाले, आणि हंगामापूर्वी घेतलेल्या बयाण्यातले थोडे पैसे ज्याच्या अंगावर फिरले, असा एक कातकरी अंगणात उभा राहून म्हणाला, “शेठ, दिवाळीपर्यंत थांबा.”

मुदतरावांनी वही मिटली. “मुदत आधी मागायची असते,” ते गंभीरपणे म्हणाले, “कायद्यातच आहे तसं.”